चंद्रावर पाणी आहे म्हणे, पण नळाला कधी येणार?

उजनी मायनसमध्ये गेलं हे सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला पटवून सांगणं लई अवघड काम आहे. माझी पुण्याची वहिनी दर उन्हाळ्यात फोनवर विचारते, "ताई, धरणात उणे पन्नास टक्के पाणी म्हणजे काय हो, कुणाकडून उसनं आणलंय का?" मग तिला सांगावं लागतं की उजनीत एकूण ११७ टीएमसी मावतं, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे पाणी आहे पण कालव्याच्या दारापर्यंत पोचत नाही, आणि टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे, म्हणून वरचं संपलं की आकडा शून्याच्या खाली घसरतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे पन्नासच्याही खाली गेला होता. पाणी डोळ्याला दिसत होतं, पण ते जॅकवेलपर्यंत ओढायला आधी दुबार पंपिंग, मग तिबार पंपिंग, आणि एवढं सगळं करून आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी एकदा, तेही कधी पहाटे तर कधी रात्री बाराला.

हे सगळं डोक्यात असल्यामुळं "चंद्रावर पाणी सापडलं" अशी बातमी आली की मला आनंद होतो, पण अर्धाच. साठा आहे हे कळलं, छान झालं. उपसणार कोण, कशानं, आणि त्याला लागणारी वीज कुठून येणार?

मी अकरावी-बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवते. इलेक्ट्रोलिसिसचा धडा आला की कोणीतरी हा विषय काढतंच. गेल्या बॅचमधला एक जण म्हणाला, "मॅडम, चंद्रावर बर्फ हाय, त्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळं केलं की झालं की रॉकेटचं इंधन, मग अडलंय कुठं?" रिअ‍ॅक्शन बरोबर होती त्याची, फळ्यावर एका ओळीत बसते. अडलंय ते सगळं फळ्याच्या बाहेर, आणि तेच सांगायला ही पोस्ट लिहायला घेतली, कारण वर्गात पंधरा मिनिटांत ते होत नाही आणि परीक्षेलाही येत नाही त्यामुळं पोरं वही मिटून बसतात.

मुळात ही खटपट कशासाठी? तर इथून काहीही वर न्यायचं म्हणजे इंधन लागतं, ते इंधन उचलायला आणखी इंधन, आणि ते उचलायला आणखी. अपोलोला चंद्राकडं नेणारं सॅटर्न ५ सुटताना साधारण २९०० टनांचं असायचं आणि परत येऊन समुद्रात पडायचं ते सहा टनांच्या आतलं कॅप्सूल. माणसं तिकडं चार दिवस जाऊन परत येणार असतील तर हे चालून जातं. राहायलाच जायचं असेल तर श्वासाचा ऑक्सिजन, प्यायचं पाणी, परतीचं इंधन, घराच्या भिंती, हे सगळं पृथ्वीवरून नेणं म्हणजे दिवाळखोरीच. म्हणून तिथलंच जे काय असेल ते वापरायचं. याला नासावाले आयएसआरयू म्हणतात.

आता बर्फाचं बघू. यात आपल्या चांद्रयान-१ चा मोठा वाटा आहे आणि तो आपण पुरेसा मिरवत नाही असं माझं मत आहे. २००८ च्या ऑक्टोबरात ते सुटलं, त्याच्यावर नासाचं मून मिनरॉलॉजी मॅपर नावाचं उपकरण होतं, आणि २००९ च्या सप्टेंबरात जाहीर झालं की चंद्राच्या पृष्ठभागावर पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांची जोडी) खुणा आहेत. खुणा म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेलं अगदी थोडं. त्याच्या पुढच्याच महिन्यात, ९ ऑक्टोबर २००९ ला, नासाच्या एलक्रॉस मोहिमेनं रॉकेटचा एक रिकामा टप्पा दक्षिण ध्रुवाजवळच्या कॅबियस नावाच्या खड्ड्यात मुद्दाम आदळवला आणि उडालेल्या धुरळ्यात काय आहे ते बघितलं. हिशोब आला वजनाच्या ५.६ टक्के पाणी. पण त्या आकड्यापुढं अधिक-उणे २.९ असंही लिहिलेलं होतं, ते बातमीत कोणी छापलं नाही. पुढं २०१८ मध्ये चांद्रयान-१ चाच जुना डेटा परत चाळून ध्रुवांजवळच्या काळोख्या खड्ड्यांत उघड्यावर बर्फ असल्याचं दाखवलं गेलं.

काळोखे खड्डे म्हणजे अक्षरशः काळोखे. ध्रुवाजवळ सूर्य क्षितिजालाच घासून फिरतो, त्यामुळं खोल खड्ड्यांच्या तळाला अब्जावधी वर्षं ऊन लागलेलं नाही. तापमान उणे २०० च्या खाली. बर्फ टिकला तो त्याच्यामुळंच, आणि यंत्र टिकणार नाही तेही त्याच्यामुळंच! ऊन खड्ड्याच्या काठावर, माल तळाला. म्हणजे सोलर पॅनल वर उभे करा, केबल खाली सोडा, नाहीतर खाली अणुऊर्जेवर चालणारं काहीतरी न्या. वंगण गोठतं, बॅटरी मरते, धातू ठिसूळ होतो. आणि बर्फ म्हणजे काही आइसक्रीमच्या गाड्यावरच्या लादीसारखा तिथं पडलेला नाही, मातीत कालवलेला आहे, सुटा आहे की काँक्रीटसारखा घट्ट झालाय हे हात लावून अजून कोणी बघितलेलं नाही.

हात लावायचा प्रयत्न झाला. २०२५ च्या मार्चमध्ये एका खासगी कंपनीचं अथीना नावाचं लँडर दक्षिण ध्रुवाच्या बाजूला मॉन्स मूटन इथं उतरलं, त्याच्यावर नासाचं प्राइम-१ होतं, म्हणजे एक मीटर खोल जाणारं ड्रिल आणि सोबत बाहेर आलेल्या मातीत पाण्याची वाफ आहे का ते हुंगणारं यंत्र. लँडर आडवं पडलं, तेही एका खड्ड्यात. ड्रिल बाहेर निघालं, पुढंमागं सरकलं, मोटर चालते हे कळलं, पण जमिनीत काही गेलं नाही. त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत मोबाईल घेऊन जागी होते आणि सकाळी सातच्या बॅचला डोळे चोळत उभी.

म्हणून माझं वैयक्तिक मत विचाराल तर सगळे बर्फाच्या मागं लागलेत पण पैज लावायची तर मी मातीवर लावेन. चंद्राच्या मातीचं वजन केलं तर त्यातला ४० ते ४५ टक्के भाग ऑक्सिजन आहे. हवेत नाही, हवा नाहीच आहे तिथं, पण सिलिकॉन, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम, कॅल्शियम, टायटॅनियम यांच्या ऑक्साइडमध्ये बांधलेला. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनं लेझर मारून हीच मूलद्रव्यं जाग्यावर मोजली, शिवाय गंधकही सापडलं. आता साधा हिशोब करा. कॅबियसची एक टन माती, ५.६ टक्के धरलं तर ५६ किलो पाणी, पाण्याच्या वजनातला ८९ टक्के ऑक्सिजन, म्हणजे ५० किलोच्या आसपास. आणि कुठलीही, उन्हातली, रस्त्यावरची म्हणा हवं तर, एक टन माती घेतली तर तिच्यात ४०० किलोच्या वर ऑक्सिजन आहे. सगळा निघणार नाही हे मान्य, पण निम्मा निघाला तरी कुठल्या काळोखात उतरायची गरज नाही, आणि "आहे की नाही" हा प्रश्नच नाही, कारण अपोलोनं आणलेली माती पन्नास वर्षं प्रयोगशाळेत तपासून झालीय. रॉकेटमध्येही वजनाला जास्त ऑक्सिजनच लागतो, इंधन मिथेन असो नाहीतर हायड्रोजन.

यात मेख अशी की सिलिकेटचा, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचा, बाँड लई चिवट. हायड्रोजननं इल्मेनाइट या लोखंड-टायटॅनियमच्या खनिजातला ऑक्सिजन सोडवायचा एक मार्ग आहे, त्याला ९०० डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं. दुसरा, माती सरळ वितळवून १६०० डिग्रीच्या पुढं नेऊन तिच्यातूनच करंट सोडायचा, एका टोकाला ऑक्सिजन आणि दुसऱ्या टोकाला लोखंड-सिलिकॉन. तिसरा कार्बन वापरून, आणि हा नासाच्या ह्यूस्टनच्या सेंटरला २०२३ मध्ये निर्वात चेंबरमध्ये करून झालाय, खोट्या चांद्रमातीवर लेझरनं उष्णता देऊन. तिन्हीला वीज किंवा उष्णता भरमसाट लागते. आणि चंद्रावर रात्र १४ दिवसांची! विक्रम लँडर आणि प्रज्ञान चंद्राच्या एका दिवसासाठीच बनवलेले होते, २०२३ च्या सप्टेंबरात झोपवले ते परत उठले नाहीत. कारखाना असा झोपवून चालणार नाही, भट्टी गार झाली की आत सगळं गोठून बसणार.

त्यात ती धूळ. तिथं वारा नाही, पाणी नाही, त्यामुळं कण घासून गुळगुळीत झालेले नाहीत, फुटक्या काचेगत टोकदार आहेत. अपोलो १७ च्या हॅरिसन श्मिटला यानात परतल्यावर त्या धुळीनं शिंका आणि सर्दीसारखं झालं होतं, आणि तो स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ, म्हणजे धूळ काय नवीन नव्हती त्याला. माणसाला शिंक तरी येते. बेअरिंग गप मरतं.

मंगळावर गोष्ट वेगळी आहे, तिथं हवा आहे. म्हणजे विरळ, आपल्या एक टक्क्याहून कमी दाबाची, पण तिच्यात ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड. आणि इथं नुसत्या गप्पा नाहीत, काम झालंय. पर्सिव्हरन्स रोव्हर २०२१ च्या फेब्रुवारीत जेझेरो खड्ड्यात उतरलं, त्याच्या पोटात मॉक्सी नावाचा एक डबा होता, कारच्या बॅटरीएवढा, बाहेरून सोन्याचा मुलामा दिलेला कारण आत ८०० डिग्री आणि ती उष्णता बाहेरच्या उपकरणांना लागू द्यायची नाही. हवा आत ओढायची, फिल्टरमधून गाळायची, कॉम्प्रेस करायची, तापलेल्या सिरॅमिकच्या सेलवर सोडायची. कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू मोडले की दोन कार्बन मोनॉक्साइड आणि एक ऑक्सिजन. २० एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा चालवलं तेव्हा ५.४ ग्रॅम ऑक्सिजन निघाला, एका माणसाला दहा मिनिटं श्वासाला पुरेल इतका. २०२३ पर्यंत १६ वेळा चालवलं, एकूण १२२ ग्रॅम, आणि सगळ्यात जोरात असताना तासाला १२ ग्रॅम, ९८ टक्के किंवा जास्त शुद्ध. पोरं हसली १२२ ग्रॅम ऐकून. मी म्हटलं हसू नका, दुसऱ्या ग्रहाच्या हवेतून माणसाच्या उपयोगाची वस्तू काढायची ती इतिहासातली पहिली वेळ होती.

आता पुढचा आकडा बघा मग कळेल. चार जणांना मंगळावरून उडवून परत आणायचं तर नासाच्या हिशोबानं ७ टन इंधन आणि २५ टन ऑक्सिजन पाहिजे. श्वासाला वर्षभर मिळून एखादा टन पुरतो, सगळा खप रॉकेटचाच. हे २५ टन इथून न्यायच्या ऐवजी एक टन वजनाचं मॉक्सीचं मोठं भावंडं न्यायचं, माणसं निघायच्या आधीच तिथं उतरवायचं आणि वर्षभर न थांबता चालवायचं. तासाला दोन-तीन किलो. मॉक्सी एका वेळी तासभर वगैरे चालायचं. तासभर चालणं आणि वर्षभर चालणं यात काय फरक असतो ते एमआयडीसीत कॉम्प्रेसरवर काम केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा.

घरांचं सांगते, कारण यात आपली गवार आहे. खोटं नाही. २०२० मध्ये बंगळुरूच्या आयआयएससी आणि इस्रोनं मिळून चांद्रमातीसारख्या पावडरीच्या विटा केल्या, भट्टी न लावता. त्यात स्पोरोसार्सिना पाश्चुराय नावाचा जिवाणू, युरिया, कॅल्शियम आणि गवारीचा डिंक, म्हणजे ग्वार गम. जिवाणू युरिया फोडतो, त्यातून कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं आणि ते कणांना सांधतं, गवारीच्या डिंकानं विटेला बळ येतं. युरिया माणसाच्या लघवीतून मिळू शकतो. हे मी घरी जेवताना सांगितलं, ताटात नेमकी दाण्याचं कूट घातलेली गवारच होती, तर माझा भाऊ म्हणाला, "काय बे, जेवताना तरी सोड की." कल्पना मला आवडली पण केमिस्ट्रीवाली म्हणून शंका आहेच, जिवाणूला पाणी लागणार, ऊब लागणार, आणि चंद्रावर कॅल्शियम भरपूर असलं तरी ते दगडात अडकलेलं, त्याला मोकळं करायला परत भट्टीच. त्यापेक्षा माती नुसती पोत्यात भरून घरावर दोन-तीन मीटर थर दिला तरी लई काम होतंय. चांद्रयान-३ च्या चेस्ट नावाच्या थर्मामीटरनं दाखवलं ना, वर पन्नासच्या आसपास आणि फक्त ८ सेंटिमीटर खाली उणे १०. इतकी ती माती उष्णता अडवते. रेडिएशनलाही तीच आडोसा.

अशी खोटी चांद्रमाती कुठून आणतात हेही मजेशीर आहे. चांद्रयान-२ च्या तयारीला तमिळनाडूतल्या नामक्कल जिल्ह्यातल्या सिथमपुंडी गावचा अ‍ॅनॉर्थोसाइट दगड दळून इस्रोनं माती केली, कारण चंद्राचे उजळ डोंगराळ भाग त्याच जातीच्या दगडाचे. चंद्रावरचे काळे डाग मात्र बसाल्टचे, म्हणजे आपला काळा पाषाणच. लोणारचं सरोवर जगभरचे लोक बघायला येतात ते बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेला खड्डा म्हणून.

मंगळवेढ्याचे आमचे मामा, मालदांडी ज्वारी करतात, त्यांना मी फोनवर हे सगळं सांगत होते. २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो ११, १२ आणि १७ नं आणलेल्या खऱ्या मातीत रोपं उगवली, प्रत्येक रोपाला फक्त एक ग्रॅम माती, शिंपीच्या अंगुस्तानाएवढ्या खाचेत. मोहरीच्या कुळातलं छोटं झाड होतं. सगळ्या बिया उगवल्या. मामांनी विचारलं, "उगवलं ते ठीक, बी उगवायला कापूस पण चालतो. पुढं काय झालं?" आणि तेच झालं होतं, आठवडा होत आला तशी मुळं खुंटली, पानं लालसर पडली, वाढ मंदावली. खतपाणी बाहेरून दिलेलं असूनही. मामा म्हणाले, "सेंद्रिय कर्ब किती हाय त्यात?" मी म्हटलं मामा, तुम्ही विचारलात ते बरोबर, काहीच नाही, नत्रही नसल्यात जमा. "मग ती माती कसली ग, क्रशरची डस्ट हाय ती." नासाच्या चार पानी प्रेसनोटपेक्षा हे बरं सांगितलं. मंगळाच्या मातीत तर वरून पर्क्लोरेट हे विषारी क्षार, अर्ध्या टक्क्याच्या आसपास, २००८ मध्ये फीनिक्स लँडरनं शोधलं. ते आधी धुऊन काढायचं, म्हणजे परत पाणी. शुभांशु शुक्लांनी २०२५ मध्ये अवकाश स्टेशनवर मूग आणि मेथी भिजवली, धारवाडच्या कृषी विद्यापीठाचा प्रयोग होता तो, मला वाटतं पहिली काही वर्षं मोड आणि मेथीवरच भागवावं लागणार, आणि त्यात वाईट काय आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. हे पाणी, ही माती कोणाची? १९६७ चा अवकाश करार म्हणतो की चंद्रावर कुठल्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. पण अमेरिकेनं २०१५ मध्ये कायदा केला, जमीन नाही पण काढलेला माल आमच्या कंपनीचा. २०१७ मध्ये लक्झेंबर्गनंही तसंच केलं. १९७९ चा चंद्र करार हे सगळ्या मानवजातीचं आहे असं सांगणारा होता, भारतानं त्यावर सही केली पण मंजुरी दिली नाही, आणि २०२३ च्या जूनमध्ये आपण अमेरिकेच्या आर्टेमिस करारावर सही केली, ज्यात साधनसामग्री काढायला मोकळीक आहे. ऊन असलेले काठ मोजकेच, त्यांच्या शेजारचे बर्फाचे खड्डेही मोजकेच. पहिला येईल तो भोवती "सुरक्षा क्षेत्र" आखणार, कागदावर ती मालकी नसेल, पण मोटर त्याचीच चालू राहणार. भीमेच्या काठच्या माणसाला हे उलगडून सांगायला नको.

आता मी वाट बघतेय ती चांद्रयान-५ ची. २०२५ च्या मार्चमध्ये सरकारनं त्याला मंजुरी दिली, जपानच्या जाक्सा या अवकाश संस्थेबरोबर मिळून, लँडर आपलं, रोव्हर आणि रॉकेट त्यांचं. प्रज्ञान २६ किलोचा होता, हा त्याच्या कितीतरी पट मोठा, आणि त्याच्यावर दीड मीटर खोल जाणारं ड्रिल. पोरांना सांगून ठेवलंय, "पाणी सापडलं" एवढीच बातमी आली तर मला फॉरवर्ड करू नका. किती खोलीला किती टक्के, बर्फ सुटा निघाला की घट्ट, आणि ड्रिलला करंट किती ओढावा लागला, हे तीन आकडे आले तर रात्री दोनला पाठवलंत तरी चालेल.